दोन बाजूंचा कागद

आमच्या इंग्रजीच्या सरांना शब्दाचा अर्थ विचारायची सोय नव्हती. 'सर, रिग्रेट म्हणजे काय?' असं कुणी विचारलं की ते खडू खाली ठेवायचे, बोटं कोटाला पुसायचे आणि उलट विचारायचे, "कुणाला सांगायचंय?"

"कुणाला म्हणजे, मलाच पाहिजे सर."

"तुला पाहिजे असेल तर डिक्शनरी आहे. कुणाला सांगायचंय ते बोल. आईला? मामलेदाराला? टांगेवाल्याला?"

वर्ग हसायचा. विचारणारा बावरून म्हणायचा, आईला. मग सर खिडकीबाहेर बघत बराच वेळ उभे राहायचे आणि सांगायचे, "आईला सांगताना 'वाईट वाटलं' म्हण. मामलेदाराला 'दिलगीर आहे'. टांगेवाल्याला काहीच म्हणू नकोस, तो तुझ्या तोंडाकडे बघून ओळखील." एवढं बोलून पुढच्या ओळीकडे वळायचे. या उत्तराचं परीक्षेत काय करायचं हे आम्हाला कुणालाच कळत नसे. आम्ही वहीत तिन्ही लिहून घ्यायचो.

लढाईची शेवटची वर्षं होती ती. मी नगरच्या एका हायस्कुलात मॅट्रिकच्या वर्गात होते. वर्गात आम्ही मुली तिघीच. आम्ही ख्रिस्ती. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. घरात प्रार्थना मराठीत, भांडणं मराठीत, फक्त औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या इंग्रजीत. त्या वाचून वाचूनच मला इंग्रजीची गोडी लागली असावी. सातवीपासून इंग्रजीत माझा पहिला नाहीतर दुसरा नंबर असे.

सर दिसायला उंच, वाळलेले. गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट ते बारा महिने घालत. नगरच्या एप्रिलातसुद्धा वरचं बटण सुटलेलं मी पाहिलं नाही. रस्त्याच्या अगदी मधून चालायचे, त्यामुळे माळीवाड्याकडून येणारे टांगे त्यांना वळसा घालून जात. बायको लवकर वारली होती, मूलबाळ नव्हतं. कुणी इंग्रजीत बोललं तर इंग्रजीत उत्तर, मराठीत बोललं तर मराठीत. पण दोन्ही एकत्र करून कुणी बोललं की सर गप्प. समोरचा वाक्य दुरुस्त करीपर्यंत ते तसेच उभे.

त्यातही त्यांचा नियम काय होता हे मला शेवटपर्यंत लागलं नाही. 'स्टेशन' चालायचं. 'टेबल', 'कंदील', 'दवाखाना' सगळं चालायचं. "स्टेशन आपल्याकडे नांदायला आलीय, तिला आता परत पाठवता येत नाही," असं म्हणायचे. पण 'आयडिया' म्हटलं की तोंड मिटायचं. आम्ही मुलींनी चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या शब्दांची यादी केली होती. एके दिवशी त्यांनीच न चालणाऱ्यातला एक शब्द वापरला. मी धीर करून बोट ठेवलं, तर म्हणाले, "काल चालत नव्हता. आज बाजारात एका म्हातारीनं वापरला." मी यादी फाडून टाकली.

पण ज्या गोष्टीसाठी ते गावभर माहीत होते ती म्हणजे त्यांचा कागद.

दर वर्षी मॅट्रिकचे फॉर्म गेले की सर वर्गात सांगायचे, ज्याला वाटतं आपल्याला दोन्ही भाषा येतात त्यानं मला येऊन भेटावं. मग ते एकेकाला कुठेतरी घेऊन जायचे. तिथे जे काय व्हायचं ते व्हायचं. शाळा सुटायच्या आधी दोघा-तिघांना, कधी एकालाच, एखाद्या वर्षी कुणालाच नाही, असा एक हाताने लिहिलेला कागद मिळायचा. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मराठी बाजू आम्हाला सगळ्यांना पाठ होती: 'ही व्यक्ती मराठीतलं इंग्रजीत आणि इंग्रजीतलं मराठीत नेऊ शकते. वाटेत काही सांडत नाही.' खाली सही, दोन्ही बाजूंना.

त्यावर शाळेचा शिक्का नव्हता. युनिव्हर्सिटीला तो माहीत नव्हता. तरी तो आम्हाला हवा असायचा, मॅट्रिकच्या सर्टिफिकेटाइतकाच. हवा का, ते नीट सांगता येणार नाही. मॅट्रिक शेकडो मुलं पास होत होती आणि त्यांतल्या निम्म्यांना साहेबासमोर उभं केलं तर घसा कोरडा पडायचा. हा कागद असलेला माणूस मात्र खरंच बोलू शकतो, अशी गावात समजूत होती. एका वकिलांनी म्हणे नुसता तो कागद बघून कारकून ठेवला होता.

आमच्या वर्षी तिघे जण गेलो. मधुकर, यशवंत आणि मी.

मधुकर वकिलांचा मुलगा. त्याचं इंग्रजी ऐकायला लोक थांबायचे. सरांनी त्याला स्टेशनावर नेलं. तिथे इंग्रजीत एक नोटीस लागली होती आणि तिच्यासमोर दौंडकडे जाणारा एक म्हातारा गाठोडं घेऊन उभा होता. सर म्हणाले, "यांना सांग." मधुकरनं नोटीस अस्खलित वाचली आणि मग मराठीत सांगितलं, की युद्धकालीन निकडीमुळे सदरहू आगगाडी अनिश्चित काळापर्यंत स्थगित करण्यात आली आहे. म्हाताऱ्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी गाडी हाय का न्हाई?" सर म्हणाले, "चल घरी." मधुकर आठ दिवस कुणाशी बोलला नाही.

यशवंत पारनेरकडच्या एका खेड्यातला. बोर्डिंगात राहायचा. 'हाय' आणि 'न्हाई' त्याच्या तोंडातून मॅट्रिकपर्यंत गेलं नव्हतं आणि त्याचं इंग्रजी म्हणजे लंगडत लंगडत चालणारं. त्याला सरांनी भिंगारच्या कॅम्पात नेलं. खेचरांसाठी कडबा घेऊन आलेला एक शेतकरी आणि एक गोरा सार्जंट यांची हुज्जत चालली होती. सार्जंट एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि यशवंतला तो शब्द येत नव्हता. त्यानं सरळ सांगितलं, 'सर, आय नॉट नो धिस वर्ड. आय आस्क.' सार्जंटनं पेंढी उचलून नाकाशी धरली आणि तोंड वाकडं केलं. यशवंतनंही हुंगली. मग शेतकऱ्याकडे वळून म्हणाला, "आबा, कडब्याला कुबट वास येतुया म्हनत्यात. भिजला हुता का?" आबानं भिजल्याचं कबूल केलं, वरच्या पेंढ्या बाजूला काढल्या, हुज्जत मिटली. सरांनी त्याला तिथल्या तिथे सांगितलं की तुझं झालं.

हे ऐकून मी जास्तच गोंधळले. ज्याला शब्द येत नाही तो पास आणि ज्याला सगळे येतात तो नापास. मग परीक्षा होती कशाची?

माझी परीक्षा दवाखान्यात झाली. नव्या डॉक्टरीणबाई विलायतेहून येऊन दोनच महिने झाले होते. त्यांना मराठी येत नव्हतं आणि त्यांचं बोलणं बायकांना सांगणाऱ्या नर्सबाई तापानं पडल्या होत्या. वडील हे सरांजवळ बोलले असावेत. फेब्रुवारीतल्या एका सकाळी सर मला घेऊन तिथे गेले. दाराबाहेरच्या बाकावर स्वतः बसले आणि मला म्हणाले, "आत जा. जे इकडून येईल ते तिकडे दे."

पहिल्या चार-पाच बाया सोप्या होत्या. खोकला, ताप, पोटात दुखणं. मला वाटलं, एवढंच असेल तर झालंच. मग भागूबाई आली.

तीही पारनेरकडची. तिकडे पाऊस नव्हता म्हणून नवऱ्याबरोबर कालव्याच्या बाजूला एका गुऱ्हाळावर कामाला गेली होती. चरकात ऊस सारताना डावा हात सापडला. त्याला आठ दिवस होऊन गेले होते. पाला, हळद, सगळं करून झालं होतं. तिशीची असेल. नवरा बाहेर लिंबाखाली डोकं धरून बसला होता. तिच्या हाताचं फडकं सोडलं तेव्हा जो वास आला तो मी सांगत नाही.

डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला, दंड पाहिला, काखेत चाचपलं. मग माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाल्या, "तिला सांग, कोपराखाली हात कापावा लागेल. उद्या सकाळीच. नाहीतर विष अंगभर जाईल आणि ती आठवडा काढणार नाही."

एकही शब्द अडला नाही. सगळे मला येत होते. मी भागूबाईकडे वळले आणि म्हणाले, "मावशी, बारीक काम आहे. उद्या सकाळी करतील. मग बरं वाटेल."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "एवढंच?"

मी म्हणाले, "मराठीत लहान होतं."

मी हे का केलं, ते मला तेव्हाही कळलं नाही. सतरा वर्षांची होते. त्या बाईचं तोंड माझ्यासमोर होतं आणि जिभेवर दुसरं काही आलंच नाही. डॉक्टरीणबाई शाईचा पॅड पुढे सरकवत होत्या, अंगठा घ्यायला. भागूबाईनं पॅडकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडेच बघत होती.

"बारीक काम हाय," ती म्हणाली, "तर तुजं व्हट का थरथरत्यात?"

मी ओठ दातांखाली धरले.

"खरं सांग बाय. मी काय ल्हान न्हाई."

मग मी सांगितलं. किती कापणार, कधी, नाही कापला तर काय. कुठून ते माझ्याच हातावर बोट ठेवून दाखवलं. ती रडली नाही. माझ्या हाताकडे, मी बोट ठेवलं होतं तिथे, बघत राहिली. बाहेर कुणाचं तरी मूल खोकत होतं. मग ती म्हणाली, "ह्या एका हातानं भाकर हुईल का, इचार त्यांना."

मी विचारलं. इंग्रजीत भाकरीला मी ब्रेड म्हणाले, दुसरं काय म्हणणार. डॉक्टरीणबाईंना हायसं वाटलेलं दिसलं. त्या म्हणाल्या, "हो, जमेल की. पीठ एका हातानं मळता येतं. भट्टीत सरकवायला तर एकच हात लागतो. आमच्याकडे एक बाई करायची."

'हो' माझ्या तोंडात तयार होता. तो खरोखर डॉक्टरांनीच दिला होता, माझ्या पदरचा नव्हता. तो पुढे दिला असता तर बाईनं अंगठा दिला असता आणि मलाही कुणी बोल लावला नसता. पण भट्टी म्हटल्यावर मी थांबले. मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "तुमचा ब्रेड नाही. हिची भाकरी बाजरीची असते. परातीत थापतात. पातळ, ताटाएवढी. ती चिवट नसते, उचलताना दोन्ही तळव्यांवर घ्यावी लागते, नाहीतर मोडते." सांगता सांगता मी टेबलावरच थापून दाखवलं. मग दोन्ही हात खाली घालून उचलली आणि तव्यावर टाकली. टेबलावर काहीच नव्हतं, पण भागूबाई मान हलवत होती, बरोबर करतेय म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "पुन्हा दाखव," म्हणाल्या. मी पुन्हा दाखवलं. मग सकाळपासून पहिल्यांदाच त्या माझ्याकडे न बघता रोग्याकडे वळल्या आणि भागूबाईच्या डोळ्यांत बघून सावकाश बोलू लागल्या. त्या बोलत गेल्या आणि मी मागोमाग, त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत, बोलत गेले.

"न्हाई मावशी. तशी भाकर जमायची न्हाई. पर तू जगशील. आन् करून घालनारं कुनीतरी असंल."

घरी मी असं 'न्हाई' म्हटलं असतं तर वडिलांनी कान धरला असता. ते कुठून आलं मला माहीत नाही.

भागूबाई म्हणाली, "मग कापा." आणि उजवा अंगठा पुढे केला.

मी बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता. मला वाटलं, सरांचं समाधान झालं म्हणून गेले. मी घरी उड्या मारतच गेले, आणि वाटेत त्या बाईचा हात आठवून भिंतीशी बसून रडले. दोन्ही एकाच दुपारी.

मला कागद मिळाला नाही.

निरोपाच्या दिवशी सरांनी यशवंतला बोलावून त्याचा कागद दिला. मी पुढच्याच बाकावर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एरवी सर नजर टाळणारे नव्हते, म्हणून ते जास्त लागलं. वडील म्हणाले, "जाऊन विचार ना." मी गेले नाही. मला वाटलं, पहिलं खोटं बोलणं त्यांनी धरलं. मग वाटलं, धरलं ते धरलं, पण पुढचं? पुढचं त्यांच्या लेखी काहीच नव्हतं? मी मनात किती वेळा त्यांच्याशी भांडले असेन.

त्याच उन्हाळ्यात कागदाचं प्रकरण झालं. यशवंत तो कागद घेऊन कॅम्पातल्या कचेरीत नोकरी मागायला गेला आणि तिथल्या साहेबांनी शाळेला पत्र टाकून विचारलं, ही कुठली परीक्षा, कोण घेतं. हेडमास्तरांना कागद ऐकून माहीत होता, पण असं पत्र आल्यावर ते घाबरले. त्यांनी यशवंतला बोलावलं, मलाही बोलावलं. सर खुर्चीत शांत बसले होते, वरच्या बटणापर्यंत बंद.

हेडमास्तर यशवंतला म्हणाले, "यात तुला नेमकं काय विचारलं?"

"काय बी न्हाई सर. कडबा हुंगाया लावला."

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे वळले. "आणि तुला?"

मी सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मी म्हणाले, "मला कागद मिळाला नाही, त्यामुळे मला सांगता येणार नाही." हे बोलताना मला बरं वाटलं, आणि लगेच वाईटही.

शेवटी हेडमास्तरांनी सरांकडून लिहून मागितलं की या कागदाला किंमत नाही. सरांनी तिथेच लिहून दिलं, दोन्ही भाषांत. इंग्रजीत काय होतं ते मी पाहिलं नाही. मराठीत होतं, 'या कागदाला शाळेच्या लेखी किंमत नाही.' हेडमास्तरांनी ते दोनदा वाचलं. त्यांना काहीतरी खटकत होतं, पण बोट ठेवायला जागा सापडेना. यशवंतला साहेबांनी नोकरी दिलीच. सरांनी मात्र त्यानंतर कुणालाही कागद दिला नाही. सगळे म्हणाले, हेडमास्तरांनी बंद पाडलं. मीही तेच समजत होते.

मी पुढे नर्सिंग शिकले आणि त्याच दवाखान्यात लागले. लढाई संपली, राज्य बदललं, आता इंग्रजी जाणार असं जो तो म्हणू लागला. त्या डॉक्टरीणबाई मायदेशी गेल्या होत्या. एके दिवशी डोळ्यांच्या वॉर्डात मोतीबिंदू काढलेला एक पेशंट आला आणि मी पाहिलं तर सर. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. अंगात दवाखान्याचा सैल सदरा. कोटाशिवाय ते फारच लहान दिसत होते.

मी नाडी धरली आणि आवाज बदलून म्हणाले, "कसं वाटतंय?"

ते म्हणाले, "तू कंपाउंडरची मुलगी."

दोन दिवस मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना पेज भरवताना माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, मला कागद का दिला नाहीत?"

त्यांनी तोंडातला घोट गिळला. मग अगदी हळू म्हणाले, "तू 'बारीक काम' म्हणालीस. तिथे मी उठलो."

"आणि?"

"आत येऊन खरं सांगावं म्हणून उठलो. पाय आत वळेना. घरी गेलो."

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. म्हणजे त्यांनी पुढचं ऐकलंच नव्हतं. इतकी वर्षं ते असं धरून होते की त्या बाईला फसवून हात कापला, त्यांच्या विद्यार्थिनीनं फसवलं, आणि ते बाकावरून उठून निघून गेले. मी समजत होते त्यांनी मला नापास केलं. ते समजत होते आपण नापास झालो, म्हणून पुढे कागद देणंच थांबवलं. आणि आम्ही दोघंही याच गावात, एकमेकांना टाळत रस्त्यानं जात होतो.

मी त्यांना सगळं सांगितलं. ओठ थरथरल्याचं, भाकरीचं, डॉक्टरीणबाईंच्या ब्रेडचं. ते निश्चल ऐकत होते, हलायची परवानगी नव्हतीच. संपल्यावर म्हणाले, "हे तू म्हणतेस."

"म्हणजे मी खोटं सांगतेय?"

"तसं नाही. पण मी ऐकलेलं नाही. ऐकलेलं दुसरं कोण आहे?"

"डॉक्टरीणबाई गेल्या. ती बाई आहे."

"मग तिला विचार."

मला इतका राग आला की दुपारची ड्यूटी मी दुसरीला दिली. तरी रविवारी सुट्टी घेऊन मी निघाले. रजिस्टरात गाव होतं. मोटारीनं पारनेरच्या फाट्यापर्यंत, पुढे कोस-दीड कोस चालत. उन्हानं रान पांढरं पडलं होतं. मी कशाला चाललेय हे माझं मलाच विचारत होते. कागदाचा आता उपयोग काय? मला नोकरी होती, दोन्ही भाषा रोज बोलत होते.

भागूबाई चुलीपुढे होती. डावा हात कोपराखाली नव्हता, पदरात गुंडाळलेला. उजव्या हातानं ती तळहाताएवढी भाकरी थापत होती आणि एकाच हातानं अलगद उचलून तव्यावर टाकत होती. परातीच्या कडेला अशा सात-आठ ठेवलेल्या. मी बघतच राहिले. आम्ही दोघींनी, मी आणि डॉक्टरीणबाईंनी, तिला नाही म्हणून सांगितलं होतं.

तिनं मला ओळखलं नाही. मी दवाखान्यातून आलेय, हात कसा आहे बघायला, असं सांगितलं. तिनं पाणी दिलं, गूळ दिला.

"मोठी हुत न्हाई," ती म्हणाली. "मोठी मोडती. मग अशा बारक्या चानक्या करती. पोरं दोन जास्त खात्यात, आजूक काय."

मी विचारलं, "हात कापायचा हे तुला कुणी सांगितलं गं मावशी?"

"डॉक्टरीनबाईनं."

"गोऱ्या?"

"व्हय की. लई चांगली बाई. माज्या म्होरं बसली, डोळ्यांत बघितलं आन् आपल्यावानी बोलली. न्हाई मावशी, तशी भाकर जमायची न्हाई, पर तू जगशील. दुसऱ्या कुनी असं सांगितलं नसतं."

"तिथे एक पोरगी होती ना? तुमच्या दोघींच्या मधे?"

तिनं तव्यावरची चानकी उलटली आणि आठवून पाहिलं. "पोरगी न्हवती बा. हां, पयल्यांदी कोनतरी हुती. बारीक काम हाय म्हनली. तिचं काय ऐकलं न्हाई मी."

मी आणखी काही विचारलं नाही. दोन चानक्या तिनं फडक्यात बांधून दिल्या, त्या घेऊन परत चालत फाट्यावर आले.

सोमवारी सकाळी सरांना जसंच्या तसं सांगितलं, तिच्याच भाषेत. एक शब्द बदलला नाही. माझी साक्ष अशी की साक्षीदाराला मी आठवतच नाही, आणि आठवते ती खोटं बोललेली. मला वाटलं आता ते म्हणतील, बघ.

त्यांनी विचारलं, "बारीक काम कोण म्हणालं?"

"कोणतरी."

"आणि खरं कुणी सांगितलं?"

"डॉक्टरीणबाईंनी. मराठीत, म्हणे. त्यांना तर मराठीचा एक शब्द येत नव्हता."

त्यांनी बोटं चादरीला पुसली. मग म्हणाले, "कागद आण. टाकही आण."

"सर, पट्ट्या आहेत. चार दिवसांनी लिहा."

"आण म्हणतो ना."

मी चार्टची पाटी आणि कोरा कागद त्यांच्या छातीवर धरला आणि टाक शाईत बुडवून हातात दिला. मान न हलवता, काही न दिसता त्यांनी मराठी बाजू लिहिली. मी वारा घालून कागद उलटा केला. मग त्यांनी इंग्रजी बाजू लिहिली. लिहून झाल्यावर म्हणाले, "पेज गार झाली असेल."

तो कागद माझ्याजवळ आहे. मराठी बाजूच्या ओळी एकमेकींवर चढल्यात, त्यातलं 'वाटेत' एवढंच मला लागतं. इंग्रजी बाजूवर ते कागदाच्या कडेवरून पार बाहेर गेलेत, निम्मी वाक्यं चादरीवर राहिली असतील. त्यांनी नेहमीचंच लिहिलं की दुसरं काही, हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि मी त्यांना विचारलंही नाही. सही मात्र दोन्ही बाजूंना अगदी सरळ रेषेत आहे.